मायला वाटं लावताना

धावड्याजवळच्या आमच्या वस्तीवरून मी निघाले त्या सकाळी माय माझ्यापुढे चालत होती. जाणार होते मी, पण घाई तिलाच. आमच्याकडे पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत. त्याला वाटं लावायला फाट्यापर्यंत जायचं, आणि गाडी वळणाआड होईपर्यंत माघारी फिरायचं नाही. एसटी हलली तशी माय खिडकीखालून म्हणाली, "जाते म्हणू नको, येते म्हण." मी "येते" म्हणाले आणि आयर्लंडला आले.

इथे मी नर्स आहे. शिफ्ट, हीटर, फ्रोजन पोळ्या, बस किती मिनिटांत येणार ते सांगणारं अ‍ॅप, असं सगळं यथास्थित आहे. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको, आणि जे गावात राहिले त्यांना सांगून खरं वाटणार नाही.

धाकट्या भावाने मायला स्मार्टफोन घेऊन दिला. पहिल्या व्हिडिओ कॉलवर पोटभर बोलून झालं आणि मी म्हणाले, "ठेवते आता." माय म्हणाली, "ठेवते म्हन्‌! लेकीला असं घरातूनच काढून देतेत का?" तिने पायात चपला सरकवल्या आणि फोन हातात घेऊन फाट्याकडे चालू लागली.

मग ते नेहमीचंच झालं. मायच्या हाताबरोबर माझं सगळं जग झुलायचं. कधी आभाळ, कधी कपाशीची पानं, कधी विहारावरचा निळा झेंडा, आणि मधेच मायची हनुवटी. माझ्या खिडकीबाहेर करड्या रंगाची दुपार असायची आणि हातात धावड्याची पिवळी संध्याकाळ. मी पलंगावर पडून तो रस्ता बघायचे. खरं सांगते, त्या वेळी आपण नक्की कुठे आहोत ते मला कळायचं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटायचं नाही.

फाट्यावर कुणी विचारायचं, "कोणाला सोडाया आल्त्या, मावशी?"

"लेकीला."

लोक आधी हसले. पुढे तेही फोनमध्ये डोकावून "नीट जाय बाई" म्हणू लागले. माय म्हणायची, "बसली का बराबर? मंग जाय." लाल बटण नेहमी मीच दाबायचे. वाटं लावणाऱ्याने आधी पाठ फिरवायची नसते, म्हणून तिने ते कधी दाबलंच नाही.

मग तिचे गुडघे धरले. फाट्यावरून परतताना ती मैलाच्या दगडावर बसून राहते, असं भावाने सांगितलं. मी ऑनलाइन एक स्क्रीन मागवली, कॅमेऱ्यासकट. ती मायच्या घरात भिंतीवर लागली. आता फोन उचलायला नको, ठेवायला नको, मी कायमचीच घरात. मी जेवताना माय ज्वारी निवडताना दिसायची. मी खूश होते. विज्ञानाचे उपकार मानावे तेवढे थोडे, असं कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ऐकवतही होते.

एक दिवस स्क्रीन काळी दिसली. मला वाटलं लाइट गेली असेल. तर मायने वायरच काढून ठेवली होती. मी रागावले, तुझ्या गुडघ्यांसाठीच केलं ना, म्हणाले. ती फोनवर शांतपणे बोलली, "तू गेलीच न्हाई असं वाटून राह्यलं मला. आन् जे गेलंच न्हाई, ते येणार कवा?"

मी गावी जाऊन किती वर्षं झाली, ते तिने विचारलं नव्हतं. तरी मला तेच ऐकू आलं.

ती स्क्रीन आता भाऊ क्रिकेट बघायला वापरतो. आम्ही पुन्हा फोनवर आलो. पण माय फाट्यापर्यंत चालू शकत नाही आणि दारातून निरोप देणं तिला रुचत नाही. परवा बोलणं संपत आलं तशी तिची नजर दारातल्या चपलांकडे गेली. मी कोट चढवला, फोन उचलला आणि म्हणाले, "चल माय, आज मी तुला वाटं लावते."

ओला फुटपाथ, लाल दारांची घरं, एका कुंपणावर बसलेलं मांजर. माय पलीकडून डोळे मोठे करून सगळं बघत होती. "माणसं कुठं गेलीत गं सगळी?" एवढंच तिने मधे विचारलं. बसस्टॉपवर पोचलो. मी थांबले. तीही थांबली. बटण कोण दाबणार?

"आज जाणारी मी हाय," माय म्हणाली. "मलाच दाबावं लागंल. कुठंशी हाय ते?"

लाल बटण स्क्रीनच्या खाली आहे, असं मी सांगितलं. तिने बोट जवळ आणलं, सगळी स्क्रीन त्या बोटाने भरली. मग ते क्षणभर अडलं.

"येते," माय म्हणाली.

फोन अंधारला तरी मी तिथेच उभी राहिले. घर कुठलं असं कुणी विचारलं तर पूर्वी मी वस्तीकडे बोट दाखवायचे, मधल्या काळात इथल्या खोलीकडे. आता मला वाटतं, जिथे कुणीतरी आपण दिसेनासे होईपर्यंत उभं राहतं, ते घर. बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, कुणाला सोडायला आलीस?

मी म्हणाले, आईला. आणि त्याच बाकावर बसून गावी जायचं तिकीट काढलं.