जजमावशींनी दिलेला जामीन

जजमावशी कुणाचीही तक्रार एकतर्फी ऐकत नसत. माझी अनया शाळेतून येऊन "ही पुश्ड मी" म्हणाली, की त्या विचारत, "आणि तो काय म्हणतो?" अनया चिडायची, "यू आर सपोज्ड टु बी ऑन माय साइड!" मावशी म्हणत, "त्यासाठी तुझी आई आहे."

इथे अमेरिकेत, चँडलरला, आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये त्या सात वर्षं एकट्या राहिल्या. सकाळी एका दुकानात कपडे अल्टर करत, दुपारी अनयाला सांभाळत. मायदेशी त्या खरोखरच न्यायाधीश होत्या. देशाचं नाव लिहीत नाही. त्यांचा भाऊ तिथे आहे, आणि आता त्याही. एका पॉटलकला, सगळ्यांनी एकेक पदार्थ आणलेल्या जेवणाला, आमचा मित्र म्हणाला, "मुस्लिम देशात डेमोक्रसी टिकतच नाही, धर्मातच बसत नाही." मावशींचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, "मला काढणाऱ्यांतले निम्मे नमाजही पढत नव्हते. त्यांना खुर्ची सोडायची नव्हती, एवढंच."

मतमोजणीतली गडबड छापणाऱ्या एका पत्रकाराला त्यांनी जामीन दिला होता. पोलिसांनी पुरावाच आणला नाही, म्हणून दिला. आठवड्यात बदली, महिन्यात बडतर्फी, मग दारात पोलिसांची गाडी. कोठडीतून सुटल्या, तोवर नवऱ्याने 'हिच्याशी माझा संबंध नाही' असं लिहून दिलं होतं. त्याच्याबद्दल त्या एवढंच बोलत, "घाबरला बिचारा."

मग लोकांनी रस्त्यावर येऊन ते सरकार पाडलं आणि तोच पत्रकार कायदामंत्री झाला. त्याने स्वतः फोन करून मावशींना परत बोलावलं. त्या आमच्या किचनमध्ये बसून रडल्या. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं.

"मावशी, इथे आत्ता कुठे तुमचा आश्रयाचा अर्ज अप्रूव्ह झालाय. थोडं थांबा."

"तिकडे कोर्टात माणसं नाहीत, आणि मी इथे पँटी आखूड करत बसू?"

त्या गेल्या. पाच महिन्यांनी त्यांच्यासमोर जामिनाचा एक अर्ज आला, त्यांच्या दारात गाडी पाठवणाऱ्या जुन्या अधिकाऱ्याचा. सरकारने याही वेळी पुरावा आणला नाही. मावशींनी जामीन दिला. कोर्टाबाहेर जमाव आला, गद्दार म्हणून घोषणा झाल्या. तीन दिवसांनी त्यांच्या बडतर्फीवर सही झाली, त्याच मंत्र्याची.

भावाच्या घरून त्यांनी व्हिडिओ कॉल केला. पासपोर्ट काढून घेतला होता, दाराशी पहारा होता. "तो काय म्हणाला?" मी मंत्र्याबद्दल विचारलं.

"म्हणाला, मॅडम, तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

अनया आता हायस्कूलला आहे. ती कळवळून म्हणाली, "बट ही ओज यू एव्हरीथिंग, मावशी."

"नाही गं. मी त्याला काही दिलं नव्हतं. ते त्याच्याच हक्काचं होतं."

त्यानंतर तो नंबर लागत नाही. भावाचाही नाही. गेल्या महिन्यात तो मंत्री अमेरिकेत येऊन गेला. मानवी हक्कांवर भाषण केलं त्याने. मी पूर्ण ऐकलं. फार चांगलं बोलतो.