मामांच्या गाडीचा भोंगा

मीरा-भाईंदरमध्ये चालत्या गाड्या असलेली माणसं तेव्हाही पुष्कळ होती. पण न चालणाऱ्या गाडीचा इतका अभिमान बाळगणारा गृहस्थ सबंध ठाणे जिल्ह्यात एकच झाला असेल आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. नात्याने ते माझे मामेसासरे. पण भाईंदरच्या फाटकापासून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. आठवड्याचे सहा दिवस ते फायली हलवीत आणि रविवारी हाटकेशच्या एका पत्र्याच्या गाळ्यात एक काळी विलायती मोटार हलवायचा प्रयत्न करीत. त्यातल्या त्यात फायली लवकर हलत, असं त्यांच्या कचेरीतले लोक सांगत.

माझी आणि त्यांची पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. सत्त्याऐंशी साल असेल. पोह्यांच्या बशा आल्या, घरातल्या मोठ्यांनी गाव, नोकरी, पगार सगळं विचारून झालं. कोपऱ्यात पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ इतका वेळ गप्प होते. त्यांनी अचानक मला विचारलं, "स्टार्टर आणि डायनॅमो यांत फरक काय?" मी म्हणालो, "मला ठाऊक नाही." मामांनी बशी खाली ठेवली आणि भाचीला म्हणाले, "मुलगा खरं बोलतो. हो म्हण." पुढे बायकोशी भांडण झालं की ती मला याची आठवण देते. मामांनी माझ्यातला तेवढा एक गुण पाहिला आणि तिचं सगळं आयुष्य त्यावर बेतलं, असं तिचं म्हणणं आहे.

मामांची गोष्ट त्यांच्या कपड्यांपासून सुरू करायला हवी. रविवारी सकाळी ते विहारात वंदनेला जात, पांढरी विजार, पांढरा सदरा, वर पांढरीच टोपी. वंदना आटोपली की थेट गाळ्यावर. घरी जाऊन जुने कपडे घालावेत, ही गोष्ट त्यांच्या मनाला कधी शिवली नाही. त्याच कपड्यांत ते गाडीखाली शिरत आणि तासाभराने तसेच पांढरेशुभ्र बाहेर येत. हे कसं जमतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. मी नुसता शेजारी उभा राहून पाना पुढे केला तरी माझ्या शर्टाला ग्रीस लागलेलं असे. ते म्हणत, "जावईबापू, डाग पडला म्हणजे काम चुकलं." मी एकदा त्यांना जुनी खाकी पँट घालण्याचा सल्ला दिला होता. मोटारींच्या विषयात मी दिलेला तो एकमेव सल्ला आणि तो साफ फेटाळला गेला.

गाडीचा उल्लेख ते 'बाईसाहेब' असा करत. गाडी बंद आहे, असं त्यांच्यासमोर कुणी म्हणायचं नाही. बाईसाहेब विश्रांती घेताहेत. गाळ्यात कुणी जोरात हसलं, डबा आपटला, की ते ओठांवर बोट ठेवून म्हणत, "हळू, बाईसाहेब विश्रांती घेताहेत." जेवणाच्या डब्याच्या पिशवीत भाजीपोळीच्या शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा दातेरी चक्राचा तुकडा असायचाच. मामींनी एकदा तो बटाटा समजून सोलायला घेतला होता, असं मामा सांगत, पण मामी हे साफ नाकारत.

पण खरी मौज त्यांच्या पोस्टकार्डांची. जुन्या गाड्यांच्या नादाची माणसं त्या काळी एकमेकांना पत्रं लिहीत. कोल्हापूर, नागपूर, कुठून कुठून कार्डं येत: क्लच घसरतो, काय करावं? रेडिएटर गळतो, उपाय सुचवावा. मामा प्रत्येकाला उत्तर पाठवत, बारीक अक्षरात, कडेच्या समासापर्यंत भरून. स्वतःची गाडी नाक्यापलीकडे जात नव्हती, पण त्यांच्या सल्ल्यावर निम्म्या महाराष्ट्राच्या गाड्या चालत होत्या. आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटी एकच ओळ असे: गाडीस माझा नमस्कार सांगावा. मला वाटतं, त्या ओळीवरूनच हा माणूस मला पहिल्यांदा मनापासून आवडला.

गाळ्यावर दर रविवारी येणारे दोघं कायमचे. एक नया नगरचे इक्बालभाई. त्यांची जुनी दोन दारांची गाडी चालत असे आणि म्हणून ते थोडे ताठ असत. दुसरा उत्तनजवळच्या तारोडीचा फ्रान्सिस. त्याच्या आजोबांची गाडी छपराविना वाडीत उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत. तिसरा मी, काही न कळणारा. गाळ्याचा एक नियम होता. गाडीच्या पुढच्या दाराशी रबरी फुग्याचा पितळी भोंगा होता. ज्याचा सल्ला खरा ठरेल त्याने तो एकदा वाजवायचा. इतर कुणी, कधीही, त्याला हात लावायचा नाही. इक्बालभाईंनी तो बऱ्याचदा वाजवला. मामांनी स्वतः दोनदा. फ्रान्सिसने एकदाही नाही.

कारण फ्रान्सिसचा सल्ला एकच होता आणि दर रविवारी तो तोच देत असे. गाडी चालू झाली की मागून चुलीसारखा काळा धूर काढी. कार्ब्युरेटरला, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा मिसळते तिथे, एक पितळी पेच होता. फ्रान्सिस त्याच्याकडे बोट दाखवून म्हणे, "पेट्रोल जास्ती पितेय ती. तो पेच अर्धा फेरा आवळा. फक्त अर्धा." इक्बालभाई हात उडवत. "अरे, बुढी गाडी है, पीने दो उसको. तेरी कोंबडियों का इलाज यहाँ नहीं चलेगा." मामा न्यायाधीशासारखे दोघांचं ऐकून घेत आणि म्हणत, "फ्रान्सिस, कंपनीने बसवलेला पेच आहे तो. आपण कोण?" फ्रान्सिस मान हलवी. "तुमाला ऐकायचंच न्हाय." मग चहा येई आणि पुढच्या रविवारी पुन्हा हेच. बारा वर्षं हे चाललं.

त्या बारा वर्षांच्या अगदी सुरुवातीला फ्रान्सिसची मुलगी फिलू एकदा बापाबरोबर गाळ्यावर आली होती. दहा वर्षांची असेल. गाडीभोवती एक चक्कर मारून तिने विचारलं, "काका, ही कधी चालणार?" मामा म्हणाले, "तुझ्या लग्नाला. चर्चला तुला हीच नेणार." सगळे हसले. फिलू हसली नाही. तिने ते पक्कं धरून ठेवलं. तिची दहावी झाली, कॉलेज झालं, ती भाईंदरच्या एका शाळेत शिकवायला लागली, भेटली की मामांना विचारायची, "काका, बाईसाहेब काय म्हणताहेत?" आणि मामा गंभीरपणे म्हणायचे, "तयारी करताहेत."

शेवटी फिलूचं लग्न ठरलं. वसईचा मुलगा, रविवारी दुपारी चार वाजता चर्च. फिलूने घरी सांगून टाकलं की दुसरी कुठलीही गाडी आणली तर ती चालत जाईल. मामांनी महिन्याची रजा काढली. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. कचेरीत कुणापुढे न झुकलेला हा माणूस रोज संध्याकाळी मला विचारी, "जावईबापू, जमेल ना?" मी आपला म्हणे, जमेल. इक्बालभाईंनी आपल्या गाडीचा पंप काढून दिला, फ्रान्सिसने सीटची शिलाई करवून आणली. शनिवारी सकाळी गाडी नाक्यापर्यंत गेली आणि परतही आली. फक्त काळा धूर तसाच होता. फ्रान्सिस पेचाविषयी एक अक्षर बोलला नाही. नुसतं म्हणाला, "पोरीचा गाऊन सफेद हाय." मामांनी गाळ्याला कुलूप घातलं आणि बजावलं, "आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही." किल्ली नेहमीच्या जागी, दारावरच्या ग्रीसच्या रिकाम्या डब्यात ठेवली.

रविवारी दुपारी आम्ही चौघं निघालो. मुलीच्या बापाने खरं तर घरी असायला हवं होतं, पण फ्रान्सिसला धीर नव्हता. तो सूट घालून गाळ्यावर हजर. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी चोकची दांडी मामांनी पूर्ण ओढली आणि गाडी सुरू झाली. हाटकेश मागे पडलं, फाटक ओलांडलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. इंजिन तापलं, तशी मामांनी चोकची दांडी आत ढकलली. मिठागरांच्या मधल्या सरळ रस्त्यावर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

सव्वातीन झाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मामांनी हँडल मारलं, पुन्हा मारलं, टोपी काढून सीटवर ठेवली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. फ्रान्सिस मिठाच्या ढिगाऱ्यांकडे तोंड करून उभा राहिला. मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. मी म्हणालो, "मामा, काल तीन वाजता मी गाळ्यावर गेलो होतो. तो पेच मी अर्धा फेरा आवळला. गाऊनवर काजळी नको म्हणून."

मामा काही बोलण्याआधीच इक्बालभाईंनी घसा खाकरला. "तीन बजे? मैं पाँच बजे गया था." ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "मैंने भी आधा दिया. सोचा, बच्ची की शादी है, एक बार इसकी सुन लेते हैं."

फ्रान्सिस गर्रकन वळला. "अरे, मी तर कालच दुपारच्या आधी येऊन अर्धा फेरा देऊन गेलो. माझा सल्ला हाय तो. तुमी कशाला दिला?"

आता आम्ही तिघंही मामांकडे बघत होतो. मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "मी आज सकाळी," ते म्हणाले. "विहारातून येताना."

मग इक्बालभाई रस्त्यातच खाली बसले आणि इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं ज्या सल्ल्याची टिंगल केली तो चौघांनी एकमेकांना चोरून पाळला होता. चार अर्धे म्हणजे दोन पूर्ण फेरे. बिचाऱ्या बाईसाहेबांना पेट्रोलचा थेंब मिळत नव्हता. मामांनी बॉनेट उघडलं, तीन अर्धे फेरे मागे फिरवले आणि एक तसाच ठेवला. घाईत हात सदऱ्याला पुसले. पांढऱ्या सदऱ्यावर दोन काळे पंजे उमटले. मी ते दाखवलं तर म्हणाले, "बरोबर आहे. काम चुकलंच होतं."

पहिल्याच हँडलला गाडी सुरू झाली. चोकशिवाय. मागे जाऊन आम्ही तिघांनी बघितलं, धूर नव्हता. अजिबात नव्हता. मामा इंजिनाचा आवाज ऐकत थोडा वेळ उभे राहिले, मग फ्रान्सिसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बारा वर्षं तू बरोबर होतास. भोंगा तुझा." नियम एकदाच वाजवायचा होता. फ्रान्सिसने तो तारोडीपर्यंत वाजवला आणि तिथून फिलूला मागच्या सीटवर बसवून चर्चच्या दारापर्यंत वाजवला, आणि मामांनी त्याला एकदाही थांबवलं नाही. चार वाजायला पाच मिनिटं होती. फिलू उतरली, मामांच्या सदऱ्याकडे बघून हसली आणि काळ्या पंजांची पर्वा न करता त्यांना तशीच बिलगली.

आत जाताना मामा माझ्या कानाशी म्हणाले, "खरं आधी तुम्ही बोललात, म्हणून आपण पोचलो. एक भोंगा तुमचाही." पण तेवढ्यात आत गाणं सुरू झालं होतं. राहून गेलं.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. हाटकेशच्या त्या गाळ्याच्या जागी इमारत आली. मामांची गाडी आता तारोडीला फ्रान्सिसच्या वाडीत झावळ्यांच्या मांडवाखाली आहे, तो पेच होता तिथेच आहे. मध्ये एकदा गेलो तर म्हाताऱ्या फ्रान्सिसने मला हाताला धरून गाडीपाशी नेलं. म्हणाला, "वाजव. तुझा एक राहिलाय. मामा जायच्या आधी मला दोनदा बोलला, जावयाचा तेवढा बघ म्हणून."

मी फुगा दाबला. आवाज तोच होता, मोठा आणि जरासा घोगरा. कोंबड्या फडफडल्या, शेजारच्या घरातून कुणी डोकावलं. मी उगाच हात तसाच ठेवून थोडा वेळ थांबलो. हळू, बाईसाहेब विश्रांती घेताहेत, असं मात्र कुणी म्हणालं नाही.