उडीचे बूट

उडी मारण्याआधी माणसाला जेवढा म्हणून विचार करता येतो तेवढा सगळा माझ्या चोपड्याच्या मामाने करून ठेवलेला आहे, आणि त्या विचाराचा मला जेवढा राग आला तेवढा आजवर कशाचाच आलेला नाही. शाळेत अपमान झाले, कॉलेजात झाले, ते सगळे मी गिळले. जळगावला इंग्लिश शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी अशीच माझी घरात ओळख आहे. पण मामाचं नाव निघालं की मला अजूनही बोलावंसं वाटतं, आणि बोलायला लागले की आवाज चढतो.

मामा तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. हे त्याचं पोटापाण्याचं. खरा धंदा उड्या. त्याचं घर जुनं, धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. समोर शेजारीण अक्कांचं घर, तेही तसंच, जवळपास त्याच उंचीचं. मधे एक बोळ, बैलगाडी शिरली तर गाडीवानाने पाय आत घ्यावेत एवढा. हा बोळ ओलांडण्यासाठी जिना उतरायचा, बोळ पार करायचा आणि पलीकडचा जिना चढायचा, असं बाकीची माणसं करत. मामाला ते कमीपणाचं वाटे. अक्कांच्या धाब्यावर वाळत घातलेल्या बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर, माकडं आली की अक्का खालून ओरडत, आणि मामा हातातला चहाचा कप कठड्यावर ठेवून, पायजम्याची नाडी दातांत धरून, टायरच्या चपलांसकट या धाब्यावरून त्या धाब्यावर जाई. माकडं पळत. माकडांच्या मनात त्याच्याविषयी आदर असावा, कारण जाताना ती मागे वळून बघत. परत आला की चहा गरमच असे.

मी दर उन्हाळ्यात सुट्टीला जायची आणि हे बघायची. मला पण ती उडी मारायची होती. दुसरं काही नको होतं. आयुष्यात मी फार कमी गोष्टी मागितल्या आहेत, ही त्यातली एक, आणि हिच्यासाठी मी तोंड उघडून बोलले होते. मामा खूश झाला. इथेच चुकलं. मामा नुसता ‘नको’ म्हणाला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तो म्हणाला, “का नाही? नक्की मार. पण माय, आधी सामान नीट जमवू.”

मग सामान सुरू झालं. पहिल्या उन्हाळ्यात बूट. जळगावच्या बाजारातल्या दुकानात मामाने मला सोबत नेलं आणि एकेक कॅनव्हासचा बूट उचलून वाकवला, वास घेतला, तळव्याचं रबर कोपऱ्यात चावून पाहिलं. दुकानदार म्हणाला, “नाना, पोरीला घालून चालू तरी द्या.” मामा म्हणाला, “चालायला पाय आहेत तिचे. बूट उडायला पाहिजेत.” आणि मला गिऱ्हाइकांच्या स्टुलावर उभं करून खाली उडी मारायला लावली, स्वतः पाठ करून, डोळे मिटून. आवाज ऐकायचा होता त्याला. दुकानातल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी नवव्यांदा की दहाव्यांदा स्टुलावर चढले तेव्हा मामा म्हणाला, “धप् येतंय. टप् आलं पाहिजे,” आणि आम्ही बूट न घेता बाहेर पडलो. मला त्या दिवशी वाटलं होतं की त्यालाच स्टुलावरून ढकलावं.

दुसऱ्या उन्हाळ्यात टीव्हीवर कुठल्याशा परदेशातल्या मुली निळ्या जाड गाद्यांवर कोलांट्या मारताना त्याने बघितल्या आणि गादीचं खूळ डोक्यात घेतलं. कापसाला आमच्याकडे तोटा नाही. गल्लीच्या टोकाला कापूस पिंजणारे चाचा बसत, त्यांच्याकडे तो तीन वेळा जाऊन आला. चाचांना ते काही पटेना. “साब, सोने के लिए गादी बनाता मैं. गिरने के लिए कौन बनवाता है?” मामा म्हणाला, “झोपणारा सावकाश पडतो चाचा, ही जोरात पडणार. आत कापूस कमी, केळीची वाळलेली पानं जास्त.” चाचांनी डोक्याला हात लावला, पण गादी केली. ती एवढी फुगीर आणि करकरणारी झाली की तिच्यावर मांजरसुद्धा बसेना. मामाने ती अंगणात टाकून मला भिंतीवरून उड्या मारायला लावल्या, पडण्याचे चार प्रकार शिकवले आणि जाहीर केलं की अजून थोडी मऊ हवी. मऊ करायला दिलेली गादी परत आली त्या दिवशी फैजपूरचे पाहुणे मुक्कामाला आले. मामीने त्यांना ती गादी दिली, त्यांना ती आवडली, आणि तेव्हापासून ती पाहुण्यांची झाली. माझी उडी पाहुणे झोपून उठले तरी उठली नाही.

मधे गुडघ्याला बांधायच्या पट्ट्याही झाल्या. ट्रकच्या ट्यूबचं रबर कापून आत कापूस भरलेल्या. त्या बांधल्या की गुडघे वाकत नसत. मी बदकासारखी धाब्यावर चालले आणि समोरून अक्का म्हणाल्या, “हाई पोरले काय व्हयनं?” मी पट्ट्या सोडून खाली जाऊन बसले ती जेवायलाच उठले.

आता खरा राग. माझा मामेभाऊ माझ्यापेक्षा लहान. तो एका संध्याकाळी रबरी स्लिपर घालून, एका हातात गुळाचा खडा धरून, बोळावरून उडून पलीकडे गेला. मामा तिथेच होता. त्याने ना बूट चावला, ना कान लावला. “हात धुऊन जेवायला चल,” एवढंच म्हणाला. मी खाली अंगणात खडूने बोळाएवढं अंतर आखून रोज ओलांडत होते, चांगलं वीतभर पुढे पडत होते, हे त्याला माहीत होतं. मी विचारलं तर म्हणाला, “त्याचं पाऊल वेगळं, तुझं वेगळं.” मी रागाने स्वयंपाकघरात गेले. मामी भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, “पोराचा पाय मोडला तर प्लास्टर बसतं. तुझा मोडला तर तुझ्या बापाला हा काय तोंड दाखवेल? लंगड्या पोरीला सून कोण करतं? म्हणून सामान बघतोय तो. तुला ‘नाही’ म्हणवत नाही ना त्याला.”

म्हणजे हे होतं. चावलेलं रबर, पिंजलेला कापूस, टप् आणि धप्, सगळं एका ‘नाही’ला घातलेले कपडे होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी गेले तर दारात विटा आणि रेती पडलेली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की धाबं उतरवून स्लॅब टाकायचा होता, आणि स्लॅब पुरुषभर उंच जाणार होता. मग उडी कसली. एवढंच नाही, बाबा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मला न्यायला येणार होते. त्या वर्षी मामाने बूट घेऊन ठेवले होते, खरंच, पांढरे, माझ्या मापाचे. मला क्षणभर रडू आलं. मग तो म्हणाला, “फक्त टाच थोडी उचलून घेतो.”

आखाजीला आमच्या खानदेशात लेकींचं राज्य असतं. सासरी गेलेल्या परत येतात, लिंबाला झोके बांधलेले असतात, गाणी चालतात, आणि त्या दिवशी लेकीला कुणी कशाला अडवत नाही. मी सकाळीच मामासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, “आज आखाजी आहे.” तो म्हणाला, “मी कुठे नाही म्हणतोय? मोच्याच्या टपरीवर जाऊन टाच चिकटवून आणतो, अर्ध्या तासात.” आणि गेला.

अर्धा तास झाला, जेवणं झाली, बायका झोक्यांकडे गेल्या. मी धाब्यावर उभी होते. खाली विटा दिसत होत्या. रागाने माझे कान तापले होते. मी चपला काढल्या, मागे गेले, धावले आणि उडाले.

बोळ मला दिसलाच नाही. वारा दिसला असं म्हणेन. मग दोन्ही पाय एकदम थंड, ओल्या, मऊ मातीत घुसले. अक्कांनी आदल्या दिवशीच धाब्यावर खारी टाकली होती. पावसात छत गळू नये म्हणून टाकतात ती पांढरी माती, पाणी मारून, चोपून. तिच्यात माझी दोन पावलं घोट्यापर्यंत गेली आणि भोवती मोठाल्या भेगा पडल्या. मी एकटीच मोठ्याने हसले. आणि मग जिन्याने उतरले, कारण उलट्या उडीला तिकडे धावायला जागा नव्हती.

पाय धुऊन बोळात येते तर अक्का झोक्यांवरून परत आलेल्या, आणि घरात माती पडलेली बघून वर जाऊन आलेल्या. “कोन उडनं मन्हा धाबावर? बठ्ठी खारी फोडी टाकी! आते पानी गळी तं बादली धरीसन कोन बससी?” बोळात माणसं जमली. मी म्हटलं, “अक्का, मी उडले.” अक्का माझ्याकडे बघून चक्क हसल्या. “तू? तू तं पायरी उतरतांना भिंत धरस, माय.”

तेवढ्यात मामा आला, रिकाम्या हातांनी. टाचेचं सोल्यूशन सुकायचं होतं, बूट परवा मिळणार होते. त्याने काय झालं ते ऐकलं, वर गेला, पावलं बघितली. माझी अनवाणी दहा बोटं तिथे स्वच्छ उमटली होती, टायरच्या चपलेच्या नक्षीचा पत्ता नव्हता. तो खाली आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “मीच मारली अक्का, बाजारात जायच्या आधी. हिची कशाला असेल? हिचे बूट तर अजून टपरीत पडलेत.” मी ओरडले की माझी आहे, माझी. आयुष्यात पहिल्यांदा मी बोळात उभी राहून ओरडले. लोकांना वाटलं, पोर मामाला वाचवतेय. केवढं प्रेम, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अक्कांच्या धाब्यावर उकिडवा बसून खारी नीट करत होता. मी आमच्या धाब्याच्या कडेला पाय सोडून बसले होते. मधे बोळ. मजूर खाली पहारी घेऊन आले होते, बाबांची एसटी दुपारची होती.

“तुझ्या बापाला अक्काने सांगितलं असतं,” तो मातीकडे बघत म्हणाला.

“सांगू द्यायचं.”

तो चोपत राहिला. मग म्हणाला, “आधी कुठला पाय टेकला?”

“दोन्ही एकदम.”

“गुडघे वाकले?”

“वाकले.”

“आणि आवाज?”

“मला काय माहीत. मी उडत होते.”

त्याने हात थांबवला. “तीन वर्षं मी ही उडी डोळ्यासमोर बघतोय, माय. आणि ती झाली तेव्हा मी टपरीवर टाच धरून उभा होतो.” तो उठला, चोपलेल्या मातीवरून बाजूला झाला आणि हातांनी जागा दाखवली. “परत मार. फुटू दे खारी, मी परत घालीन. मी इथेच उभा राहतो.”

त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. मी कडेला उभी राहिले. धावायला मागे जागा होती, चपला काढलेल्याच होत्या.

“बूट कुठे आहेत?” मी विचारलं.

तो परत उकिडवा बसून माती चोपायला लागला. खालून मजुरांनी हाक मारली, मी जिन्याकडे गेले. दुपारी धाब्याची पहिली माती बोळात पडली.

त्याला आता वर्षं झाली. मामाकडे गेले की स्लॅबवर खुर्च्या टाकून आम्ही बसतो, अक्कांचं धाबं खूप खाली दिसतं. तो विषय आम्ही दोघंही काढत नाही. मला त्याचा राग आहेच. त्याने आज ‘परत मार’ म्हटलं तरी मी त्याला बूट कुठे आहेत हेच विचारेन. फक्त आधी उडी मारेन, आणि पलीकडे त्याच्या शेजारी उभी राहून विचारेन.