सगळ्यांत मागे चालणारा माणूस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा चेहरा सहसा कुणाला दिसत नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, की आतल्या माणसांना बाहेरून येतो तो फक्त आवाज. थोरलीच्या वडिलांचा आवाज शहरातल्या पुष्कळ घाबरलेल्या माणसांनी असा ऐकला होता. दार उघडण्याची घाई ते कधी करत नसत. आधी दाराशी उकिडवे बसून आतल्यांशी बोलत. किती जण आहात, कुणाकडे निघाला होतात, दाराला टेकू नका, आता थोडा धक्का बसेल. आतल्यांचा जीव थाऱ्यावर आला, की मग ते गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतल्या जोडीदाराला ब्रेक सैल करायला सांगत. दार उघडे आणि माणसे आभार मानायचेही विसरून बाहेर धावत. त्यांना त्याचे काही वाटत नसे. मोकळ्या हवेत आल्यावर आपणही मागे बघत नाही, असे ते म्हणत.

मोकळ्या हवेचे त्यांना वेडच होते. आठवडाभर ग्रीस आणि अंधार. सुटीच्या दिवशी मात्र उजाडायच्या आत पायांना भिंगरी लागे. कामावरचा जोडीदार टोमणा मारी, की आठवडाभर लोकांना वर चढवतोस आणि सुटीला स्वतः डोंगर चढतोस, तुला घरदार आहे की नाही? यात काडीचेही तथ्य नव्हते. घर सोडून ते एकदाही डोंगरावर गेले नाहीत. गेले ते अख्खे घर बरोबर घेऊन. कामावरून आल्यावर तेल आणि साखर चोळून बोटांवरचे ग्रीस निघेपर्यंत ते मुलांना हात लावत नसत, आणि मग थोरलीची वेणी स्वतः घालत. ती वेणी दोराला पीळ भरल्यासारखी घट्ट बसे आणि शाळेत मुली हसत. पण ती कधी सुटली नाही.

डोंगरावर जाताना बायको नाक मुरडतच निघे. सुटीच्या दिवशी शहाणी माणसे झोपतात, हे तिचे ठरलेले पालुपद. तिच्यासाठी ते घडीचे स्टूल पाठीला बांधून नेत. लोक बघतात म्हणून ती त्यावरून कुरकुरे, आणि पहिला चढ संपताच त्याच स्टुलावर बसे.

चालण्याचा त्यांचा एक नेम होता. सगळ्यांत लहान असेल त्याने पुढे चालायचे, बाकीच्यांनी त्याच्या चालीने. मुलांच्या मागे बायको आणि सगळ्यांत मागे ते स्वतः. पुढच्यांनी पायाखाली बघायचे, मागे वळायचे नाही. वाट फुटली की कुठे वळायचे ते मागून सांगितले जाई. थोरली आणि धाकटा या आवाजावर मोठे झाले. डोंगर आपल्याला तळहातासारखा ठाऊक आहे, अशी दोघांचीही पक्की समजूत होती.

हिवाळा सरता सरता ते अल्पशा आजाराने गेले. त्यानंतर आईने घराचा उंबरा ओलांडला नाही. भाजी दारावर येई, औषधे धाकटा आणून देई, खिडकीचा पडदा दुपारपर्यंत ओढलेला राही. दाराशी त्यांचे बूट होते; ती ते रोज पुसून पुन्हा तिथेच ठेवी. थोरलीच्या मनाने घेतले, की आई आत्ता बाहेर पडली नाही तर ती पुन्हा कधीच पडणार नाही. तिने डोंगराचा विषय काढला. आईने आधी गुडघे पुढे केले, मग ऊन, मग बसमधली गर्दी. शेवटी थोरलीच्या लहान मुलीने आजीचा पदर सोडलाच नाही, तेव्हा आई एका अटीवर तयार झाली. पहिल्या फाट्यापर्यंत येईन, तिथे बसेन. पुढे माझे काही काम नाही.

त्या सकाळी स्टूल धाकट्याने पाठीला बांधले. लोक बघतात, असे आई या वेळी म्हणाली नाही. थोरलीला तेच लागले.

पहिला चढ संपला. वाट फुटली होती तिथे नात आपण होऊन थांबली. धाकटा थांबला, थोरली थांबली. आपण कशाची वाट पाहतो आहोत, हे थोरलीच्या ध्यानात आले आणि तिने नजर खाली वळवली. धाकट्याने मग स्टूल मांडले, आईला बसवले आणि छातीठोकपणे उजवीकडे बोट दाखवले. थोरली म्हणाली, डावीकडे. त्याने विचारले, कशावरून? तिला सांगता येईना. मग त्याच्या उजवीकडचे कारण तिने विचारले, तर त्यालाही येईना.

"इतकी वर्षं काय डोळे मिटून चढलात?" आई स्टुलावरून म्हणाली.

"अगं, आम्ही पायाखाली बघायचो," धाकटा म्हणाला. "बाबाच म्हणायचे."

"मग आता वर बघा. उजवीकडची रुंद दिसते, पण ती खाणीशी जाऊन संपते. डावीकडे जायचं."

थोरलीने वळून तिच्याकडे पाहिले. "तुला कसं माहीत?"

"दर खेपेला माझ्या कानाशी सांगायचे. हे झाड, तो दगड, इथून पाणी वाहतं. मी म्हणायचे, मला काय करायचंय? तरी सांगायचे." ती पदराशी चाळा करत राहिली. "त्यांना पुरे म्हटलेलं कळायचंच नाही."

थोरलीला काही तरी बोलायचे होते. पण जे ओठांवर आले ते अगदी साधे होते. पुढे अजून फाटे आहेत का, असे तिने विचारले. तिला ते खरोखरच ठाऊक नव्हते.

"आहेत की."

"मग आम्ही काय करायचं?"

आईने वाटेकडे पाहिले, मग आपल्या गुडघ्यांकडे. धाकटा काही सुचवायला निघाला, थोरलीने त्याला डोळ्यांनीच दटावले. अखेर आई गुडघ्यांवर हात टेकून उठली. स्टुलाची घडी घालताना तिचे बोट चिमटले आणि ती स्टुलालाच दोन शब्द बोलली. मग तिने ते धाकट्याच्या पाठीला स्वतः बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि नातीला पुढे व्हायला सांगितले.

थोरली तिच्या मागे राहायला लागली. चढावर घसरली बिसरली तर, असे म्हणाली.

"माझ्या मागे कुणी नको," आई म्हणाली. "तू हो पुढे."

रांग निघाली. नात आजीच्या गुडघ्यांना झेपेल अशा चालीने चालत होती. मागून आधी नुसता श्वास ऐकू येत होता, मग पुटपुट. इथे म्हणे पाणी वाहते, कुठे वाहते, ठणठणीत कोरडे आहे सगळे. कुणाशी चालले होते ते बोलणे, हे विचारण्याची गरज नव्हती. थोरलीला वळून पाहावेसे फार वाटले. तिने वळून पाहिले नाही. पुढे वाट पुन्हा फुटली, नात थांबली, आणि मागून आवाज आला.

"सरळ. सावकाश, सावकाश. तिथे खडी आहे."