रजेचं तिकीट

कुणाचंही तिकीट हातात देण्याआधी दाऊदभाई त्याला पासपोर्टवरचं नाव मोठ्यानं वाचायला लावत. चाळिशीतला फिटरसुद्धा त्यांच्यापुढे शाळेत उभं केल्यासारखा स्वतःचं नाव वाची. "स्पेलिंग चुकलं तं दम्माम एअरपोर्टवरनं परत येशील," असं बजावून मगच ते तिकीट सोडत. सौदीतल्या रास तनुऱ्यात आमच्या कंत्राटदार कंपनीत ते रजेचे कारकून होते. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. इथे तीस वर्षं झालेली. मी प्लॅनिंगमध्ये. टेबल शेजारीच असल्यामुळे त्यांचा चहा आणि त्यांचे टोमणे दोन्ही माझ्या वाट्याला आले.

दुसऱ्यांना वेळेवर घरी धाडणारा हा माणूस स्वतः पाच वर्षं गेला नव्हता. रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवायची वेळ आली की साहेबांना दाऊदभाई हवेच असत, आणि रजा पुढे जाई. गावी त्यांच्या बायकोचे, खैरूनभाभींचे, दोन्ही डोळे मोतीबिंदूनं निकामी होत चालले होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना नवऱ्याच्या जागी नुसता हलता डाग दिसे. "तुमी येशाल तवाच ऑपरेशन करीन," असा त्यांचा हट्ट. "तिकीट झालं?" असं त्या विचारत आणि हे शांतपणे सांगत, "झालंच समज." त्या 'समज'चा मला राग येई. एकदा बोलूनही दाखवला.

"देसाई, तू पाइपांचं प्लॅनिंग कर," एवढंच उत्तर मिळालं.

आमचा सेफ्टी ऑफिसर ग्रेग ऑस्ट्रेलियन. एका दुपारी तो मोबाइलवर जुन्या कागदाचा फोटो घेऊन आला, मोठ्या अभिमानानं. त्याचा खापरपणजोबा टॉमस इंग्लंडात विणकर होता. कापडाचा तागा चोरला म्हणून सात वर्षांची शिक्षा ठोठावून त्याला जहाजातून टास्मानियाला धाडलं. तिथे तो एका शेतकऱ्याकडे बिनपगारी राबला. चार वर्षांनी हा कागद हाती पडला. वर छापलं होतं, 'टिकेट ऑफ लीव्ह'.

दाऊदभाईंचा चेहरा खुलला. "बघ देसाई, कैद्यालापन रजेचं तिकीट दिलान! इच्यार त्याला, रिटर्न होतं का वन वे?"

मी विचारलं. ग्रेग इतका हसला की खुर्चीतच बसला. मग त्यानं समजावलं, हे घरी जायचं तिकीट नव्हे. वागणूक बरी असेल तर कैद्यानं त्याच भागात स्वतःचं काम शोधावं, बेट मात्र सोडायचं नाही.

"म्हंजे इकामाच की," खिशातल्या सौदीत राहायच्या परवान्यावर थाप मारत दाऊदभाई म्हणाले. "आनि सात वर्सं सरल्यावर?"

सरली, पण परतीच्या जहाजात कुणी फुकट बसवत नव्हतं. टॉमस तिथेच राहिला. शेत घेतलं, दुसरं लग्न केलं. ग्रेग त्या दुसरीच्या वंशातला.

"आनि पयली?"

"मेरी," ग्रेग म्हणाला. "दोन मुलं होती." तिचं पुढे काय झालं, ते त्याला ठाऊक नव्हतं. घरात कधी कुणी शोधलंच नव्हतं.

दाऊदभाईंनी मोबाइल परत दिला आणि बराच वेळ फायली चाळत बसले. ग्रेग गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो कैदी व्हता रे. मना कोनी धरून ठेवलाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला, तो रजेचा नव्हता, फायनल एक्झिटचा होता, कायमचं परतायचा. दुरुस्तीचं काम महिन्यावर आलं होतं. साहेबांनी खूप समजावलं. "खलास, साब," म्हणून हे बाहेर आले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी चहा मी केला.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. उजव्या डोळ्याला उशीर झाला म्हणून डॉक्टर रागावले. डाव्यानं मात्र स्वच्छ दिसत होतं.

"पट्टी काढली तवा मी म्होरंच व्हतो," दाऊदभाई म्हणाले. "बघत ऱ्हायली. मंग लेकीला इच्यारलान, ह्यो म्हातारा कोन?"

मी खो खो हसलो. पलीकडे कुणी हसत नव्हतं.