दहावी चूल

आमचे बाबा शाळामास्तर. पण दर दहा वर्षांनी सरकार त्यांच्या हाती कागदांचा जाड गठ्ठा द्यायचं आणि शहराभोवतालच्या वस्त्यांमधली माणसं मोजायला पाठवायचं. म्हणून सगळे त्यांना मोजणीमास्तर म्हणत. कुठे किती विणकर, किती पाथरवट, कोण कुठून आलं, कोण कधी उठून गेलं, सगळं तोंडपाठ. आमच्या वाढदिवसांची आठवण मात्र त्यांना आईने करून द्यावी लागे.

टेकडीवरच्या वस्तीत त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, राहायची. वरच्या अंगाला विणकर, खाली पाथरवट, आणि मधल्या पायऱ्यांवरून दोघांची पिढ्यान् पिढ्या भांडणं. बाबांच्या पहिल्या मोजणीत तिथे एकसष्ट कुटुंबं होती. मग माग बंद पडले, खाण बंद पडली, आणि भांडायलाही कुणी उरलं नाही. आत्याची दृष्टी गेली. शेजारच्या रिकाम्या घरात पाथरवटांची एक विधवा राहायला आली. तिचे गुडघे वाकत नसत. मग तिने उभ्याने रांधायचं आणि आत्याने बसून हाताच्या अंदाजाने निवडायचं, असं जमून गेलं. आत्या तिला 'लाकडे' म्हणायची, ती आत्याला 'आंधळे'. तिसरं कुणी तसं म्हणालं तर दोघी मिळून त्याची खरडपट्टी काढायच्या.

बाबांच्या चौथ्या मोजणीला मीही सोबत गेले होते. नियम असा की ज्यांची चूल एक, ते एक कुटुंब. आणि वस्तीत दहापेक्षा कमी कुटुंबं असली की तिथली बस बंद. आत्याला हृदयाच्या औषधासाठी दर मंगळवारी शहरात जावं लागे. बाकीची कुटुंबं भरली आठ.

"मास्तर, आमची दोन लिहा की," लाकडी म्हणाली. "हवं तर आत्ता मांडते दुसरी चूल."

"आज जे आहे तेच लिहायचं असतं."

"लिही रे बाबा," आत्या हसून म्हणाली. "मी साखर चोरली तरी हाच आईला जाऊन सांगायचा."

बाबांनी नऊ लिहिली. त्यांचा मला अजून राग येतो, आणि तेव्हा गप्प बसले म्हणून माझाही.

बस बंद झाली. आमच्याकडे ये म्हणून बाबांनी आत्याच्या खूप मिनतवाऱ्या केल्या. "इथली पायरी न् पायरी मला ठाऊक आहे. तुझ्याकडे मी नुसती एका जागी बसून राहीन," ती म्हणाली.

दोन वर्षांनी एका मंगळवारी मोठ्या रस्त्याकडे चालत जाताना आत्या कोसळली. लाकडी बरोबर होती. पण तिला खाली बसता येईना, आत्याचं डोकं मांडीवर घेता येईना. काठी धरून ती उभी राहिली आणि "आंधळे, मी इथेच आहे गं," एवढंच म्हणत राहिली. माणसं आली तेव्हा सगळं संपलं होतं.

आता आई नाही. बाबा माझ्याकडे असतात. गेल्या महिन्यात मोजणीवाली मुलगी आली. "आजोबा, चूल एकच ना?"

बाबांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन लिही. माझी वेगळी आहे."

आत एकाच शेगडीवर आमचा सगळ्यांचा भात शिजत होता. मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"वेगळी आहे," मी म्हणाले.

तिने लिहिलं. बाबा कागदावर वाकले. "आता दहा झाली ना?"

मुलीला काही कळेना.

"झाली, बाबा," मी म्हणाले.