राजवाड्यामागचा शिंपी आणि आमची टीरूम

टीरूमच्या कपाटात डबे साठतात ना, तसे माझ्याकडे किस्से साठतात. आवरायला घ्यावं तर झाकणं सापडतात, डबे नाहीत! अख्खी राज्यक्रांती माझ्याकडे अशीच साठलीय. घडली काठमांडूत, मला कळली न्यूझीलंडातल्या हॅमिल्टनमध्ये, दूध तपासणाऱ्या आमच्या लॅबमध्ये, दहाच्या चहाला. काही चुकलं असेल तर दोष अर्धा माझा, अर्धा चहाचा.

रमिला लॅबमध्ये माझ्या शेजारी काम करते. तिचं माहेर काठमांडूच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. तिचे वडील, ती त्यांना बुवा म्हणते, शिंपी. राजवाड्यातल्या नोकरमंडळींचे कोट शिवायचे. आई गेल्यापासून ते एकटे, म्हणून हिचा एकच धोशा, "बुवा, इकडे या." आणि बुवांचं एकच उत्तर, "एक कोट राहिलाय."

२००६ पासून ऐकतेय मी हे!

*

त्या वर्षी राजाविरुद्ध मोर्चे सुरू झाले आणि राजवाड्याभोवती जमावबंदी लागली. पाचापेक्षा जास्त माणसं एकत्र दिसायला नकोत. बंदीची हद्द, म्हणे, नेमकी बुवांच्या घरातून गेलेली. पुढची खोली बंदीत, मागचं स्वयंपाकघर मोकळं. घरात भाडेकरू धरून माणसं सहा.

"मग जेवता कसे?" रमिलानं फोनवर विचारलं.

"पाच जण पुढे बसतो. सहावा स्वयंपाकघरात. आणि त्याला हवं तर तो घोषणासुद्धा देऊ शकतो!"

*

मला काही केल्या ती गल्ली डोळ्यांसमोर येईना. मग मी टीरूमच्या व्हाइटबोर्डवर नकाशाच काढला. राजवाडा, भिंत, बंदीची हद्द, माणसं पळतात तिकडे लाल बाण. रमिलानं तीनदा दुरुस्त केला. शेवटी राजवाडा कुठला आणि न्हाव्याचं दुकान कुठलं हे मलाच कळेना, आणि पुसायचा तो राहिलाच.

सोमवारी आमचा बॉस ट्रेवर बोर्डासमोर डोकं खाजवत उभा. म्हणाला, "बाण मस्त काढलेत. पण आग लागली तर आपण जमायचं कुठे? कारपार्कमध्ये की पॅलेसमध्ये?"

*

ह्याच ट्रेवरनं एकदा रमिलाला सरळ विचारलं, "तुझे वडील राजाच्या बाजूचे की विरुद्ध?"

मीही कान टवकारले. वर्षभर मलाही तेच विचारायचं होतं, पण आपण पडलो सुसंस्कृत!

रमिला म्हणाली, "लाल कापडाचा तागा एकच. त्यातून आधी राजवाड्याच्या पडद्याची झालर निघते. उरलेल्या तुकड्यांतून मोर्चाचे झेंडे."

"स्वीट ॲज!" म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', असं म्हणाला ट्रेवर आणि बिस्किट घेऊन गेला. त्याला समजलं. मला अजून नाही.

*

आमच्या सासूबाई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना मी रोज संध्याकाळी क्रांती सांगायची, मला समजेल तेवढी. त्या भाजी निवडत ऐकायच्या. एक दिवस म्हणाल्या, "एवढं काय त्यात? आमच्या सोसायटीत कमिटी बदलते तसंच की! बघ तू, आता आधी पाणी जाईल."

"आई, तिथे देशाचा राजा जातोय!"

"कुणी का जाईना. पाणी जाईल."

दुसऱ्या दिवशी रमिला चहाला आली ती म्हणतच, "दिदी, गल्लीत दोन दिवस नळाला पाणी नाही."

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये आईंचं वजन भलतंच वाढलं. ट्रेवरनं तर मला खासगीत विचारलं, यंदा दुष्काळ आहे का, हे त्या सांगू शकतील का!

*

मग राजेशाही गेलीच. गल्लीतले लोक रातोरात शहाणे झाले. चहावाल्यानं पाटीवरचा 'राजदरबार' खरवडून 'जनता' लिहिलं. त्याचं बघून न्हाव्यानं लिहिलं. मग मिठाईवाल्यानं. बुवांनीही 'शाही'वर चुना फासून तेच लिहिलं.

आठवडाभर पोस्टमन सायकल धरून गल्लीत ओरडत होता, "अहो, कुठली जनता?"

*

आता त्या राहिलेल्या कोटाचं. तो राजवाड्याच्या मागच्या फाटकावरच्या दरबानाचा. माप घेतलं, कच्ची शिलाई झाली, ट्रायल व्हायची होती, आणि मोर्चे सुरू झाले. दरबान आलाच नाही. पुढे राजा राजवाडा सोडून गेला, दरबान आपल्या गावी गेला, राजवाड्याचं म्युझियम झालं. रमिलाला वाटलं, सुटलो! तिनं बुवांचा व्हिसा काढला, बुधवारचं विमान ठरवलं, इकडे खोलीत नवा हीटर बसवला. आदल्या शुक्रवारी टीरूममध्येच स्पीकरवर फोन लावला. सोबतीला मी, पलीकडे पेपर वाचत असल्यासारखा ट्रेवर.

"बुवा, बॅग भरली?"

"भरतो. आज राजवाड्यात गेलो होतो."

"अरे वा! काय काय बघितलंत?"

"बघायला कुठे? कोट द्यायला गेलो होतो. मागच्या फाटकाशी तासभर उभा राहिलो. कुणी उघडेचना."

"बुवा, ते बंद झालं! आता सगळे पुढून जातात, तिकीट काढून."

"हो, तसं एकानं सांगितलं. मग पुढे गेलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! तिथे एक नवा दरबान होता. चांगला माणूस. म्हटलं, दरबानाचा कोट आहे, दरबान तू आहेस, घाल."

रमिलानं माझा हात घट्ट धरला. "बसला?"

"खांद्यात बरोबर. बाही दोन बोटं लांब. तो म्हणाला, चालेल. मी म्हटलं, माझ्या दुकानातून असा जात नाही."

"मग?"

"मग काय! गुरुवारी ट्रायलला बोलावलंय."